हॉर्न काढा, चैतालीला ऐकायचंय!

रस्त्यावरचा आवाज कमी करायला निघा, किस्से शोधायला जावं लागत नाही. ते स्वतःच हॉर्न वाजवत दारात येतात!

आमची कर्णबधिर मुलांची शाळा जळगावात, एरंडोलच्या रस्त्याला लागून. सहा वर्षांच्या चैतालीला कानाचं मशीन मिळालं होतं, पण ती अजून एक शब्दही बोलली नव्हती. मशीन बाईंचं बोलणं मोठं करतं, तसा ट्रकचा प्रेशर हॉर्नही. हॉर्न वाजला की ती मशीन उपटून दप्तरात टाकायची. मुख्याध्यापक म्हणाले, "हॉर्न बंद करायचा अर्ज केलाय, वाट पाहू." मी म्हटलं, "सर, तिचं बोलायचं वय वाट पाहत नाही!"

* * *

मुलांची मशीनं आम्ही रोज सकाळी तपासतो. मशीनला डॉक्टरांसारखी नळी जोडायची आणि आपल्या कानांनी ऐकायचं. एकदा चैतालीचं मशीन जोडलेली ती नळी घेऊन मी थेट रस्त्यावर गेले. केळीचा ट्रक चालवणारे नाना टपरीवर चहा पीत होते. नळी त्यांच्या कानात दिली आणि तेवढ्यात त्यांच्याच क्लीनरने हॉर्न दाबला! नाना बाकावरून उडाले.

"इतला आवाज शे?"

"नाना, गाडी तुमचीच!"

साधा हॉर्न ठेवून प्रेशर हॉर्न त्यांनी तिथेच काढला. मग क्लीनरला शिव्या दिल्या. त्याही हळू आवाजात!

* * *

जामनेरचा एक बुलेटवाला सायलेन्सरमधून फटाके फोडत जायचा. पकडला, तर म्हणाला, "ताई, कंपनीचा सायलेन्सर घरी आहे, पण अडकलाय." घरी गेलो. खरंच! गिलक्याच्या वेलाला त्याचाच टेकू दिला होता.

त्याची आई, अक्का, आडवी आली. "आधी दुसरा टेकू द्या, मंग हात लावा!"

मग काय, फटाक्यांचा सायलेन्सर वेलाखाली, कंपनीचा बुलेटला. अक्का खूश. "आता कसा कामाले लागला!"

* * *

धुळ्याच्या एका गॅरेजवर पाटी होती: 'दणदणीत आवाजाची गॅरंटी'. मी भांडायला गेले. मालक म्हणाला, "काय?" पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं बोला ना ताई!" माझं भांडणच संपलं. त्याला शाळेत आणून कान तपासले. आता त्यालाही मशीन आहे, आणि पाटी आहे: 'आवाज कमी करून मिळेल'.

* * *

'हॉर्न वाजवू नका' फलकाच्या उद्घाटनाला पाहुणे आले, ते हॉर्न वाजवतच! भाषणात म्हणाले, "सुरुवात स्वतःपासून करा!" मागच्या रांगेतून केळीवाले नाना पक्कड घेऊन उठले.

"साहेब, गाडीची किल्ली द्या."

टाळ्या इतक्या वाजल्या की साहेबांना द्यावीच लागली!

* * *

मागच्या महिन्यात शाळा सुटताना चैताली घसरगुंडीजवळ पाठमोरी उभी होती. मशीन कानात, शब्द मात्र अजून एकही नाही. तिची आई केळीच्या बागेतून काम उरकून आली आणि नेहमीसारखी फाटकातूनच बेंबीच्या देठापासून ओरडली, "चैतालीऽऽ!"

चैताली गर्रकन वळली. कपाळाला आठ्या. तळहात दाखवून म्हणाली, "आई, हलू!"

आईने दोन्ही हातांनी फाटक घट्ट धरलं. आणि आधीपेक्षा दुप्पट जोरात ओरडली, "चैतालीऽऽऽ!"