कापश्यासाठी चोवीसवर

कामोठ्यात शेडग्यांच्या घरी एसी होता, तो कुत्र्यासाठी. बाबासोंनी एपीएमसीच्या कांदा मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या, वेणूबाईंनी चार घरच्या पोळ्या लाटल्या; दोघांनाही पंख्याखाली झोप लागायची. पण त्यांच्या मुलानं, शिवतेजनं, हस्कीचं पिल्लू आणलं. थंड मुलखातलं जनावर, अंगावर केसच केस. त्याचं नाव ठेवलं कापश्या, आणि त्याच्यासाठी हॉलमध्ये एसी बसवला.

दोन वर्षांपूर्वी शिवतेज बाइकवरून कामाला गेला, तो हायवेवरच संपला. तेव्हापासून वेणूबाईंचा दिवस कापश्याच्या मागेच जायचा.

यंदा मे महिन्यात बाबासो म्हणाले, "सातारकर असून आपन म्हाबळेश्वर बघितलं न्हाई. तीन दिस जाऊया." वेणूबाई नकोच म्हणत होत्या. शेवटी समोरच्या मंजुषानं किल्ली मागून घेतली. "मावशी, ऑफिसच्या आधी आणि नंतर मी बघते ना त्याला. टेन्शन घेऊ नका."

निघताना वेणूबाईंनी खिडक्या लावल्या, दोन भांडी पाणी ठेवलं, एसी चोवीसवर केला.

"बावीस करू का?"

"नगं. चोवीस त्येला बरं पडतं," बाबासो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. "मावशी, दुपारी दोनला लाइट गेली होती. तासाभरात आली म्हणे. पण एसी बंदच होता. मी सातला आले तेव्हा कापश्या..."

त्यांचा एसी जुना. लाइट आल्यावर तो आपणहून सुरू होत नसे, रिमोट दाबावा लागे. वेणूबाई हल्ली कायम घरातच असायच्या, हात आपोआप रिमोटकडे जायचा. ते मंजुषाला सांगायचं राहूनच गेलं.

दोघं मिळेल त्या गाडीनं परतले. कापश्या बाथरूमच्या फरशीवर, नळाखाली पडलेला होता. बाबासोंनी त्याला शिवतेजच्या चादरीत गुंडाळलं आणि एका ओळखीच्याच्या मोकळ्या जागेत पुरलं. नातेवाईक फोनवर म्हणाले, कुत्रंच होतं, दुसरं आणा. वेणूबाईंनी फोन उचलणं सोडलं.

मंजुषा तोंड दाखवेना. चौथ्या दिवशी वेणूबाईंनीच तिची बेल वाजवली.

"मावशी, मी दुपारी एकदा यायला हवं होतं."

"तुजी चूक न्हाई. मीच सांगाया इसरले." वेणूबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. "त्या दिशी दुपारी तीनला आमी तळ्यात नावंत बसलो व्हतो, पोरी. ह्यांची टोपी वाऱ्यानं पाण्यात पडली. मी हसले. शिवतेज गेल्यापास्नं पयल्यांदाच हसले."

मंजुषा त्यांच्याजवळ खाली बसली.