सत्तेचाळिसावं पान

माझ्या आत्यानं आयुष्यात दोनशे तरी प्रबंध वाचले असतील, पण एकही पहिल्या पानापासून नाही. ती बाइंडर होती. पुठ्ठे कापायचे, दाभणानं भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि हात चालू असताना समोर येईल ते पान वाचायचं. मग संध्याकाळी आम्हाला ज्ञान पाजायचं. एकदा भर जेवणात गुरांच्या पोटातल्या जंतांवर घसरली, तेव्हा बाबा ताटावरून उठले.

मी तेव्हा आठ वर्षांची, आणि शाळेत सगळे मला ‘घुमी’ म्हणायचे. प्रश्न विचारला की उत्तर मला यायचं, पण फार लांबून यायचं. ते तोंडापाशी पोहोचेपर्यंत बाई पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. शेवटी शाळेनं कळवलं, सत्र संपेपर्यंत बघू, नाहीतर हिला मागे पडलेल्यांच्या वर्गात बसवू. तो वर्ग जिन्याखाली होता. तिथून परत वर आलेलं कोणी मी पाहिलं नव्हतं. आईनं हाय खाल्ली. बाबा उठता-बसता प्रश्न विचारू लागले आणि प्रश्न संपायच्या आत ‘बोल ना, बोल ना’ सुरू. अशानं कोण बोलेल? मी आणखीच मिटले.

शाळा सुटली की मी आत्याच्या दुकानात बसायचे. ऊन कागदांच्या थप्प्यांवरून सावकाश सरकायचं, खळीचा आंबूस वास यायचा, कागदाचे बारीक कण हवेत तरंगत राहायचे. सुई आत जायची, बाहेर यायची. मला वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि इथे कुणालाच कसली घाई नाही.

अशातच शिक्षणाच्या कॉलेजातून पाठकोऱ्या कागदांवर छापलेला एक अहवाल आला, शाळांना वाटायला. चाळीस गठ्ठे, प्रत्येकावर एकेका शाळेची चिठ्ठी. सत्तेचाळिसाव्या पानाशी आत्याचा हात थांबला. तो कधी थांबत नसे, म्हणून मी वर बघितलं. त्या पानावर लिहिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट बघतात. तीन-चार सेकंद थांबले, तर गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मग आत्यानं काय करावं? आमच्याच शाळेच्या प्रतीतलं ते पान काढून घेतलं आणि बाकीचं शिवून टाकलं! शाळेच्या एवढ्या शिकलेल्या मोठ्या बाईंचं एका पानावाचून काय अडणार, म्हणे.

त्या दिवसापासून ती मला काहीबाही विचारायची आणि दोरा तीन भोकांतून ओवून होईपर्यंत मान वर करायची नाही. पहिले काही दिवस दोरा संपायचा, मी गप्पच. ती नवा दोरा घ्यायची. ती शांतता मला इतकी आवडायची, की उत्तर आलं तरी मी ते जरा वेळ जवळच ठेवायचे. पुढे पुढे मात्र मी असं काही बोलू लागले, की आत्या म्हणायची, आता कानाला पुठ्ठे लावून बसते.

सत्र संपलं. मोठ्या बाईंनी बोलावलं, तेव्हा आत्याच माझ्याबरोबर आली. बाईंनी पाठोपाठ तीन प्रश्न विचारले आणि माझी दातखीळ बसली. त्यांनी जिन्याखालच्या वर्गाची यादी पुढे ओढली. माझं नाव तिथे आधीच लिहिलेलं होतं. आत्यानं पिशवीतून घडी घातलेलं पान काढून त्या यादीवर ठेवलं.

“बाई, हे तुमच्या अहवालातलं. मी चोरलं. कॉलेजला कळवलंत तर माझं तिथलं काम जाईल, पण आधी वाचा.”

बाईंनी कपाटातून अहवाल काढला. तो कोरा करकरीत होता. शेहेचाळीस, मग एकदम अठ्ठेचाळीस. त्या ओशाळल्या. पान वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, “घरी तुला कोण शिकवतं?”

आणि त्या थांबल्या. टेबलावरचं ऊन जरासं सरकलं. आत्याची बोटं मांडीवर नसलेला दोरा ओवत होती. एक भोक, दुसरं, तिसरं.

“कोणी नाही,” मी म्हणाले. “आत्या थांबते.”

बाईंनी माझं नाव खोडलं. आत्याला एकदम भरून आलं. ती काही सांगायला गेली, पण शब्द फुटेना. बाई घाईघाईनं तिच्यासाठी पाणी मागवू लागल्या.

“थांबा,” मी त्यांना म्हटलं, “बोलेल ती.”