मांडवाच्या आळीतून गेलेली रेष

निवडणूक कार्यालयातल्या कारकुनाने मतदार यादी माझ्याकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे माझ्या काकीचं नाव होतं. पानाच्या माथ्यावर प्रभागाचा क्रमांक मात्र आमचा नव्हता.

"ताई, यादी बरोबर आहे," तो म्हणाला. "आळीची तुमची बाजू शेजारच्या प्रभागात गेलीय. खारघरच्या टॉवरवाल्यांच्या."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग माझं नाव शोधलं. तेही तिथेच होतं, काकीच्या खाली. बाहेर बाकावर काकी बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला आमच्या गावच्या प्रभागातून नगरसेवकपदाचा अर्ज भरायचा होता, आणि त्यासाठी मतदार यादीचा उतारा घ्यायला आम्ही पनवेलला आलो होतो.

काकी धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नाचे विधी ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावते. तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही. बारावीनंतर मला स्थळ आलं तेव्हा तिने माझ्या वडिलांना अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "भावजी, खुशाल ठरवा. पण मी धवलं गानार नाय. बगा दुसरी कोन मिलते का." दुसरी कोणी मिळण्यासारखी नव्हती. मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिली पदवी अशी तिच्या न गाण्यातून आली.

म्हणूनच प्रभाग नव्याने आखले गेले तेव्हा तो कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. गावात सरकारी कागद आला की लोक तो माझ्याकडे घेऊन येतात, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटायचा. गावकी देवळात बसली होती. महिलांसाठी राखीव जागेवर काकीला उभं करायचं आणि सगळ्या गावाने तिलाच मत द्यायचं, असं ठरत होतं. मी हद्दीचं वर्णन मोठ्याने वाचलं. त्यात एका बाजूला "काँक्रीट रस्ता" असं लिहिलं होतं.

"हा कुठला गो?" एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं.

"गावाबाहेरचा, बाबा. बसचा."

"चालून बगायचा का येकदा? हरकत घ्यायला टाइम हाय अजून."

"काही गरज नाही. नकाशा आहे ना माझ्याकडे."

मोबाइलवरच्या त्या नकाशात रेष गावातून जाताना मला दिसली होती, पण ती जाडसर आहे, थोडी सरकली असेल, असं मी मनाशी धरलं. कारण तिथे रस्ता नव्हताच. तिथे आमची मांडवाची आळी होती. दोन्हीकडच्या ओट्यांच्या मधली ती जागा, जिथे प्रत्येक लग्नाचा मांडव या घराच्या खांबापासून त्या घराच्या खांबापर्यंत बांधतात, जिथे मिरच्या वाळतात. काही वर्षांपूर्वी तिच्यावर सिमेंट ओतलं गेलं, पण तिला रस्ता कोणीच म्हटलं नव्हतं. तिथून गाडी जाताना मी जन्मात पाहिली नव्हती. हद्द आखणाऱ्यांना मात्र ते सिमेंट दिसलं होतं, आणि त्यांनी ते बरोबरच लिहिलं होतं.

आता हरकतींची मुदत केव्हाच संपली होती. कार्यालयाबाहेर बाकावर बसलेल्या काकीला मी कसंबसं सांगितलं.

"म्हंजे मी माजंच मत मला द्यायचं नाय?"

"उभं राहता येतं, काकी. मत तिकडे द्यावं लागेल. आळीत आपल्या बाजूच्या सगळ्यांना."

"आनि तुजं?"

"माझंही."

परतीच्या रिक्षात ती फक्त एकदा म्हणाली, "म्हातारा बोलला व्हता चालून बगू."

तिने अर्ज भरला, कारण गावकीने शब्द दिला होता. मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी खारघरच्या एका शाळेत रांगेत उभ्या राहिलो. पुढेमागे टॉवरमधली माणसं. काकी माझ्या कानाशी आली. "बाय, हितं येकाच्या पन लग्नात मी गेली नाय." मला हसू आलं. आत तिने त्या प्रभागाच्या चार जागांवरच्या चार अनोळखी माणसांसाठी चार बटणं दाबली. बाहेर येऊन बोटाची शाई बघत म्हणाली, "चला. परक्याचं काम झालं."

ती हरली. थोडक्यात हरली. किती मतांनी ते मला पाठ आहे, आणि आळीत आमच्या बाजूला किती मतं आहेत तेही. गावात मला कोणी काही बोललं नाही. त्या दिवसांत मला ते सर्वांत जड गेलं.

पुढच्याच महिन्यात आळीत लग्न निघालं. मांडवाचे दोर दोन्हीकडच्या खांबांना बांधले गेले. काकी पाटावर बसायला आली आणि थांबली.

"ती रेष कुठून जाते? दाव मला."

मी पायाच्या अंगठ्याने सिमेंटवर दाखवली. पाटाच्या बरोबर खालून जात होती. काकीने वाकून बघितलं. सांडलेल्या तांदळाच्या पिठाचे दोन ठिपके होते, बाकी काही नाही.

"हितं तर कायच नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि मला ते सोसवेना. मग ती पाट न हलवता तिथेच बसली. "पुढल्या टायमाला कागद आला की घरात बसून वाचू नको. मला संगं घे. चालत जाऊ."

मी हो म्हणाले. तिने घसा साफ केला आणि बायका गप्प झाल्या.