दोन दशांश

फिटरकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. बसच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं इंजिनं खोलून बसवणारा माणूस घरी स्वस्थ कसा बसेल? मागच्या खोलीतलं कपाट हलवून त्यांनी तिथे लाकूड कापायचं छोटं सीएनसी मशीन थाटलं. संगणकावर आकृती काढायची, की मशीनचं फिरतं पातं, म्हणजे बिट, ती लाकडातून कापून देतं. "ही माझी सवत," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "सकाळी आधी तिची विचारपूस, मग माझी."

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं महिन्याभरात मोकळं झालं, पायही चालू लागले. उजवा हात तेवढा रुसून बसला. टपाल कचेरीत वर्षानुवर्षं पत्रांचे गठ्ठे भराभर वेगळे करणारी ती बोटं आता साधा चमचा धरताना थरथरायची. घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "वेगवेगळे आकार आपापल्या खाचेत बसवायची लाकडी पाटी कुठे मिळाली तर बघा. बोटांना चांगलं काम होईल."

"मिळाली तर कशाला? घरात मशीन आहे!" काका म्हणाले आणि त्याच दिवशी कामाला लागले.

पहिली पाटी त्यांनी मऊ लाकडाची केली. पान, मासा, किल्ली, चांदणी असे बारा तुकडे आणि त्यांच्या बारा खाचा. तुकडा सहज आत जावा म्हणून चार दशांश मिलिमीटरची मोकळीक ठेवलेली. काकूंनी पहिल्या आठवड्यात दोन तुकडे बसवले, तिसऱ्यात सात. सातवा बसला तेव्हा त्यांनी स्वतःच टाळी वाजवली, आणि टाळी वाजवता आली म्हणून पुन्हा हसल्या.

पण मऊ लाकडाच्या कडा हाताळून हाताळून झिजल्या. काकांनी हौसेनं शिसवी लाकडाची नवी पाटी केली. आकृती तीच, बिट तेच. काळेभोर, गुळगुळीत तुकडे. प्रत्येक तुकडा त्यांनी आंगठ्यानं दाबून पाहिला. थप्‌ करून बसला की पुढचा.

पहिल्या दिवशी काकूंना त्यातला एक बसवता आला. दुसऱ्या दिवशी एकही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

"हात मागे चाललाय हो माझा."

"अगं, एखादा दिवस असतो तसा."

"चार दिवस झाले. मला काय कळत नाही?"

काकांनी बाहेर जाऊन थेरपिस्ट बाईंना फोन लावला. बाईंनी चेहरा, बोलणं, चालणं याबद्दल एकेक प्रश्न विचारला. तिथे काही बदल नव्हता. "तरी उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवू," त्या म्हणाल्या. "आणखी एखादा बारीक झटका येऊन गेला नाही ना, एवढं बघायला हवं." हे वाक्य काकांनी काकूंना सांगितलं नाही. "नेहमीची तपासणी आहे," एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी त्यांचा जुना दोस्त काकूंना भेटायला आला. तो टर्नर, लेथवर काम करणारा. वर्कशॉपात त्याचं नाव पडलं होतं 'मायक्रॉन', कारण पावाचे तुकडेसुद्धा तो डोळे बारीक करून सारखे कापायचा. एका हातात चहाचा कप धरून त्यानं दुसऱ्या हातानं सहज मासा उचलला आणि खाचेवर ठेवला. मासा आत जाईना.

"हे बसत नाही रे."

"बसतं. जरा दाबलं की बसतं."

"कुणी दाबायचं? तू, का वहिनींनी?"

काका उठले आणि बारीक मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन आले. मासा ठरल्यापेक्षा दोन दशांशानं मोठा निघाला, खाच दोन दशांशानं लहान. चार दशांशांची मोकळीक सगळी संपलेली. काकूंचा अशक्त हात घट्ट लाकडाशी झगडत होता, आणि काकांचा राकट आंगठा ते लाकूड दडपून आत घालत होता.

"आकृती बरोबर आहे," काका पुटपुटले. "मग मशीन चुकतंय?"

"एक कर," मायक्रॉन म्हणाला. "कुठलाही तुकडा काप, आणि काहीएक न बदलता त्याच वाटेनं बिट पुन्हा फिरव."

शिसवीच्या उरलेल्या फळीवर त्यांनी तसं केलं. दुसऱ्या फेरीत बिटाला कापायला काही उरायलाच नको होतं. पण बारीक काळा भुसा उडाला. म्हणजे पहिल्या फेरीत कठीण लाकडानं बिटाला रेटलं होतं; ते बारीक, लांब बिट वाकून कडेपासून केसभर दूर सरकलं होतं. मऊ लाकडात तेवढा जोरच लागला नव्हता.

काकांनी बिट पकडीत आत सरकवलं, जरुरीपुरतंच बाहेर ठेवलं. आधी चहूबाजूंनी थोडं लाकूड राखून कापायचं आणि शेवटी एक हलकी फेरी मारून ते काढायचं, असं ठरवलं. चाचणीचा तुकडा मोजला, तरी आठ शतांश जास्तच. मग त्यांनी संगणकात तीन मिलिमीटरचं बिट दोन पूर्णांक ब्याण्णवचं आहे असं लिहिलं. बिट बारीक आहे असं समजून मशीन कडेच्या आणखी जवळून कापू लागलं.

"खोटं सांगितलंस," मायक्रॉन म्हणाला.

"वजनाच्या बाबतीत सगळेच सांगतात," काका म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदाच ते हसले.

संध्याकाळी पान आणि मासा नव्यानं कापून, त्यांच्या खाचाही नव्या मापानं नीट करून त्यांनी काकूंपुढे ठेवले. "हाताचं काही बिघडलं नव्हतं. बिट वाकत होतं. चूक माझी."

काकूंनी संशयानं पान उचललं. थरथरत ते खाचेवर आलं, थोडं फिरलं आणि आवाज न करता आत गेलं. मग मासा गेला.

"म्हणजे चार दिवस मी रडले ते तुमच्या मशीनपायी?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मेल्या सवतीचा..." म्हणता म्हणता त्यांना हसू फुटलं आणि डोळेही भरले. काका मशीन झाकायचं निमित्त करून मागच्या खोलीत गेले आणि भुसा ओढायचा पंप लावून उभे राहिले. त्या आवाजात त्यांचं नाक ओढणं कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी ठरल्याप्रमाणे झाली. नवा झटका नव्हता. मनगटाची ताकद उलट वाढली होती. आठवडाभरात काकांनी बाराही तुकडे आणि खाचा नव्यानं कापल्या आणि काकूंनी त्यातले नऊ बसवले. उरलेले तीन मात्र खरोखर हाताला जमत नव्हते.

"ते तीन माझे," त्या थेरपिस्ट बाईंना म्हणाल्या. "त्यांचं मी बघते."