कुणाकडची साखर

चुलतबहिणीच्या लग्नात जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायला मी मागच्या खोलीत गेले, तर आत आत्या पदर बाजूला करून पोटात सुई टोचत होती. मान डावीकडे वळवून, ओठ मुडपून. मीही अशीच टोचते.

माझी आई नगरची, वडील केरळातले. वडिलांच्या माणसांनी त्या दोघांचं लग्न कधी मनापासून मानलं नाही. आम्हाला आमंत्रण येतं, पण पान शेवटच्या रांगेत असतं. पंचविशीत, अंगावर मूठभर मांस नसताना मला शुगर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईकडून की वडिलांकडून?" दोन्ही घरांनी सांगितलं, आमच्यात कुणालाच नाही. माझं नाक आईकडचं, कुरळे केस वडिलांकडचे. साखर मात्र कुणाकडचीच नव्हती. दोन रक्तं एकत्र आल्याचीच ही शिक्षा असेल, असंही मला वाटून गेलं होतं.

आत्याने माझ्या हातातलं इन्सुलिनचं पेन पाहिलं. नाशिकला राहिल्यामुळे तिला मराठी येतं, पण माझ्याशी ती कधी बोलली नव्हती.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"मला वीस. तुझ्या आजोबांनाही होती. मुलींची लग्नं अडतील म्हणून कुणी बोलायचं नाही."

शरीर मात्र कुणालाही न विचारता सगळं सांभाळून ठेवतं, नाकारलेल्या नात्यासकट.

बाहेर आत्याने मला आपल्या शेजारी बसवलं, पहिल्या रांगेत. पायसमची खीर वाढणारा आला, तेव्हा तिने आमच्या दोन्ही पानांवर हात आडवा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्हा दोघींना नको."