रिकामे आदेश

थोरला वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानदार त्याला वैतागायचे, कारण काटा एकदा बरोबर दाखवतोय म्हटल्यावर शहाणा माणूस पेटी आवरून चालू लागतो. हा तेच पितळी वजन पुन्हा ठेवायचा, मग पुन्हा. घरीही तीच तऱ्हा. गॅसचं बटण तीनदा, दाराची कडी तीनदा. धाकटी बहीण म्हणायची, "दादा, कडी काय पळून जाणार आहे का?" तो हसायचा नाही. ही खोड काही जन्मापासूनची नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. ती बावीस वर्षांपूर्वी लागली, एका पुलापायी.

तेव्हा दोघं भावंडं एकाच कंपनीत होती. बेचाळीस माणसांची कंपनी, व्हिडिओ गेम बनवणारी. थोरला गेम लिहिणाऱ्यांचा म्होरक्या. नुकतीच शिक्षण संपवून आलेली धाकटी कंपायलर सांभाळायची. कंपायलर म्हणजे दुभाषा: माणसाने लिहिलेलं वाचायचं आणि प्रोसेसरला कळतील असे बारीक बारीक आदेश तयार करायचे. तीन वर्षं खपून त्यांनी एक गेम उभा केला. टपालवाला थैली पाठीवर टाकून डोंगर उतरतो आणि शेवटी लाकडी पूल ओलांडून गावात पोचतो, एवढीच गोष्ट. पण त्यातलं धुकं आणि ओली झाडं बघून माणसं खुर्चीत पुढे सरकून बसायची. ती झाडं काढणारा चित्रकार बाबांचा, म्हणजे या दोघांच्या वडिलांचा, शाळेतला लाडका विद्यार्थी. बाबांनीच थोरल्याला गळ घालून त्याला कामावर लावलं होतं.

गेम दुकानांत गेला आणि आठवड्याभरात बोंब झाली. दहातल्या एका घरी टपालवाला पुलावर थिजायचा, एक पाय उचललेला, तसाच. कंपनीतल्या मशीनवर हजार वेळा खेळून बघितलं, एकदाही थिजला नाही. पुलाचा भाग थोरल्याने लिहिलेला. मालकाने भर बैठकीत त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि खापर फोडायला डोकं मिळाल्यावर बाकीच्यांनीही सुटकेचा श्वास टाकला. माणसं अशीच असतात, त्यात नवल नाही. डिस्का परत आल्या, कंपनीला टाळं लागलं. चित्रकार वर्षभर काम शोधत हिंडला आणि मग त्याने जीव दिला. एखाद्याच्या तसं करण्यामागे दहा कारणं असतात. बाबांना एकच दिसलं.

"तुझ्या निष्काळजीपणाने गेलं ते पोर," असं ते थोरल्याला म्हणाले, आणि हेच त्यांचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर ते धाकटीकडे राहायला गेले. थोरल्याचं नाव निघालं की बाबा हात लांबवून रेडिओचा आवाज वाढवायचे. बातम्या असोत नाहीतर बाजारभाव, जे काही लागलं असेल ते घरभर घुमायचं. थोरल्याने वर्षभर पुलाच्या कोडचे छापील कागद चाळून चाळून फाडले, त्याला चूक सापडली नाही. त्यातच त्याचं लग्नही मोडलं. न सापडलेली चूक पदरात घेऊन त्याने कीबोर्ड कायमचा सोडला आणि काटे हातात घेतले.

आता त्याच्या फुफ्फुसांनी दगा दिला होता. डॉक्टरांनी हात टेकले आणि वर्ष पुरं होईल असं काही म्हणाले नाहीत. खाटेवर उशीला टेकून त्याने धाकटीकडे बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"मला एकदा तो पूल ओलांडायचाय गं. आणि माझं काय चुकलं ते कळायला हवं. नुसतं चुकलं, चुकलं म्हणून मरायचं, हे काही खरं नाही."

धाकटी आजही कंपायलरचंच काम करायची, लिफ्टच्या आणि धुलाई यंत्रांच्या चिपसाठी. त्यात तिचं नाव झालं होतं, बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते सांगत सुटायचे. तिने माळ्यावरून कंपनीचं खोकं काढलं. त्यात गेमचा सगळा मूळ कोड होता, आणि एक कन्सोलही, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा. टाळं लागल्यावर कुणा गिऱ्हाइकाने वैतागून पाठवून दिलेला. नव्हतं ते त्या प्रोसेसरसाठीचं, आज चालेल असं कंपायलर. जुन्याची एक डिस्क तळाशी पडून होती, पण ज्या संगणकांवर ते चालायचं ते केव्हाच भंगारात गेले होते. जगभरचे लोक मिळून बनवतात ते आजचं फुकटचं कंपायलर शेकडो प्रोसेसर ओळखतं, पण हा बेटा त्यात नव्हता. तेव्हा आधी कंपायलरला हा प्रोसेसर शिकवायचा, मग गेम नव्याने तयार करायचा आणि मग चूक शोधायची. वर्षाचं काम, आणि हातात वर्ष नव्हतं.

ती पहाटे पाचला बसायची आणि आठला ऑफिसला निघायची. सात महिने हेच. प्रोसेसर म्हणजे नमुना होता नुसता. शून्याने भागायला सांगितलं की इतर प्रोसेसर रीतसर तक्रार करतात. हा आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत मोठा आकडा ठोकून द्यायचा आणि पुढे चालू लागायचा. त्याच्या पोटात असे कितीतरी आदेश होते की जे छापील पुस्तकात नव्हते. रविवारी ती कागद घेऊन थोरल्याकडे जायची. तो धापा टाकत सांगायचा, "हा आदेश दोनदा लागोपाठ देऊ नकोस, रुसतो." बोलताना त्याच्या डोळ्यांत जुनी चमक यायची आणि धाकटीला भरून यायचं.

सातव्या महिन्यात गेम तयार झाला. कन्सोलवर चढवला, टपालवाला डोंगर उतरला आणि पुलावर एक पाय उचलून थिजला. धाकटीने आनंदाने टेबलावर मूठ आपटली. चोर हाती लागला होता. पुढचे चार दिवस ती त्याच्या मानगुटीवर बसली आणि तो सापडला. एकच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या आदेशांच्या फेऱ्यात सहापेक्षा कमी आदेश असले, की हा प्रोसेसर घाईघाईत कधीतरी फेऱ्यातून बाहेर पडायचंच विसरायचा. पायाखाली फळी आहे का, हे बघणारा थोरल्याचा फेरा पाच आदेशांचा होता. कोडमध्ये तिळभर खोट नव्हती. कंपनीतल्या मशीनमध्ये नंतरच्या खेपेचे सुधारलेले प्रोसेसर होते, म्हणून तिथे कधी काही दिसलं नाही. उपायही सोपा: कंपायलरने अशा छोट्या फेऱ्यात काहीच न करणारे रिकामे आदेश घालून त्याची लांबी सहावर न्यायची.

तिने तिथूनच फोन लावला. "दादा, तू चुकला नव्हतास! प्रोसेसरच सदोष होता. तुझा फेरा बरोबर आहे, अगदी बरोबर."

पलीकडे खाट करकरली, तो उठून बसला होता. मग तो म्हणाला, "पुन्हा सांग." तिने सांगितलं. "अजून एकदा."

बाबांना तिने जेवताना सांगितलं. त्यांचा हात सवयीने रेडिओकडे गेला आणि मध्येच थांबला. म्हातारा ताटावर बसून ढसाढसा रडला. "बावीस वर्षं," एवढंच म्हणत राहिला. येत्या रविवारी त्याच्याकडे घेऊन चल, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

शुक्रवारी थोरल्याचा फोन आला. आवाज टवटवीत होता, दाढी केली म्हणाला. मग म्हणाला, "एक कोडं सुटत नाहीये बघ. प्रोसेसर बनवणाऱ्यांना ही खोट माहीत असणारच. त्यांनी आपल्याला जे कंपायलर दिलं होतं, ते रिकामे आदेश घालत नव्हतं?"

प्रश्न बिनतोड होता आणि तो धाकटीला सुचला नव्हता, याची तिला थोडी लाजही वाटली. खोक्याच्या तळाशी कंपनीच्या जुन्या कंपायलरची ती डिस्क होतीच. ती वाचणारं यंत्र तिने एका दुरुस्तीवाल्याकडून उसनं आणलं. शनिवारी सकाळी फाईल उघडली. बनवणाऱ्यांनी दिलेलं कंपायलर रिकामे आदेश घालत होतं, बिनबोभाट, का ते कुठेही न लिहिता. पण तेवढ्या ओळी कंपनीत कुणीतरी बंद केल्या होत्या, आणि वर टीप लिहिली होती.

"हे रिकामे आदेश कुणी आणि कशासाठी घातलेत, कुठेही लिहिलेलं नाही. काढून टाकले. गेमचा वेग आठ टक्क्यांनी वाढला."

खाली तारीख आणि तिच्याच नावाची दोन अक्षरं.

तिला ती दुपार आठवली. शेकडो बदलांतला एक बदल, अर्ध्या तासाचं काम. आठ टक्के ऐकून मालक खूश झाला होता. थोरल्याने तिला खुर्चीवर उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, आणि सगळ्यांत जोरात शिट्टी चित्रकाराने मारली होती. त्या टाळ्या तिच्या लक्षात राहिल्या, कशाबद्दल होत्या ते ती साफ विसरली. बावीस वर्षांत एकदाही तिला ते आठवलं नाही, आणि तिचं तिलाच हे सर्वांत भयानक वाटलं.

प्रोसेसरचं नवं काम तिने त्या फुकटच्या कंपायलरवाल्यांकडे तपासणीला पाठवलेलं होतं. समोर परदेशातल्या एका तपासनिसाचं उत्तर येऊन पडलं होतं: काम उत्तम आहे, फक्त ते रिकामे आदेश ज्याला नको असतील त्याला बंद करता यावेत अशी सोय ठेवा, वेग आठ टक्के कमी होतोय. धाकटीने लिहिलं, "ठेवणार नाही." मग त्या ओळींच्या वर ते आदेश का आहेत ते तिने सविस्तर लिहिलं, वीसेक ओळी. शेवटी लिहिलं की एकीने कारण न विचारता हे काढले होते. पुढे काय झालं ते मात्र तिथे लिहिता येण्याजोगं नव्हतं.

काही न बोलताही भागलं असतं. प्रोसेसर सदोष होता, हे खोटं थोडंच होतं? थोरला सुखाने गेला असता आणि बाबांचं जगासमोर मिरवणं चालू राहिलं असतं. रात्रभर तिने मनाला हेच बजावलं. रविवारी बाबांना अकराला आणायचं होतं; ती नऊलाच थोरल्याकडे पोचली.

तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. कन्सोल तिने आधीच जोडून ठेवला होता. त्याने टपालवाल्याला डोंगर उतरवला, पुलावर आणला आणि श्वास रोखला. टपालवाला खटखट फळ्या तुडवत पलीकडे गेला. गावातल्या खिडकीत दिवा लागला. चित्रकाराने काढलेली ती खिडकी दहातल्या त्या एका घराला कधी दिसलीच नव्हती.

"बघ," थोरला म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "बघ ना कसा गेला. आणि ते कंपायलरचं काही कळलं?"

तिने कागद काढून दिला. छापून आणला होता, कारण तोंडाने सांगायची हिंमत तिला नव्हती. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून, तिच्या नावाच्या दोन अक्षरांपर्यंत.

"दादा, मला आठवतच नव्हतं रे. शप्पथ. त्यांनी का ते लिहिलं असतं तर मी—"

"तू विचारलं असतंस तर." तो शांतपणे म्हणाला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं. "माझं लग्न मोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, दादा, चुकतो माणूस, स्वतःला माफ कर. आठवतं?"

तिने मान हलवली.

"बाबांना सांग," तो म्हणाला. "आज. माझ्यासमोर. आणि त्या पोराचंही नाव घे."

"दादा, माझ्याशी बोलणं सोड पाहिजे तर, पण बाबा पंच्याऐंशीचे आहेत—"

"मी एकोणचाळीसचा होतो."

ती बाबांना आणायला गेली. गाडीत बाबा लहान मुलासारखे बोलत होते. रेडिओ त्यांनी स्वतःच बंद केला. थोरला पेपरमिंट अजून खातो का, जिने चढायला किती, तो ओळखेल ना मला. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत थोरल्याचा शाळेतला स्वेटर. तो त्यांनी कुठे दडवून ठेवला होता, ते एका घरात राहून तिला कधी कळलं नव्हतं.

बापलेक भेटले ते तिने दारातूनच पाहिलं. बाबांनी थोरल्याचं डोकं पोटाशी धरलं आणि माफी मागितली. मग थोरल्याने तिच्याकडे पाहिलं.

तिने सांगितलं. उभ्याउभ्या, एक शब्द न गाळता, चित्रकाराच्या नावासकट. बाबांना कंपायलर कळत नव्हतं, पण ते जन्मभर शिक्षक होते. कोणी केलं आणि शिक्षा कुणाला झाली, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ते थोरल्याच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

संध्याकाळी परत निघाल्यावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "बाबा..."

बाबांनी हात लांबवला, रेडिओ लावला आणि आवाज वाढवला. कुठल्याशा शहराचं हवामान सांगत होते.

थोरला त्यानंतर एकोणीस दिवस जगला. बाबा रोज त्याच्याकडे जायचे आणि ती रोज त्यांना सोडायची, आणायची. थोरला तिच्याशी बोलायचा. थोडंच, पण बोलायचा. एकदा म्हणाला, "रिकाम्या आदेशांवरची तुझी नवी टीप मी वाचली, चांगली लिहिलीस." जाता-येता गाडीत रेडिओ चालू असायचा.

विसाव्या दिवशी त्याला पोचवून दोघं परत निघाली. बाबा सावकाश पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावायला त्यांना जमेना, तिने लावून दिला. मग त्यांना हात लांबवायला लागू नये म्हणून तिने स्वतःच रेडिओ लावला आणि गाडी सुरू केली.