उंब्रजला आवळलेले नट
रबर घासल्याचा वास आला की मला माझं लग्न आठवतं. दुसरी मोठी लढाई संपली होती आणि पलटणीतून परतलेल्या मामांनी लिलावातून एक लष्करी गाडी उचलली होती. तिचे नवे टायर इतके रुंद, की एकेकावर म्हैस निवांत बसली असती. ते आतून गाडीच्या सांगाड्याला घासायचे, म्हणून मामांनी चाकांमागं लोखंडी चकत्या घालून चाकं दोन बोटं बाहेर सरकवली, बोल्टही लांब करवून घेतले. साताऱ्याहून सांगलीला सबंध गाव गाडीत कोंबून निघालो, तर उंब्रजला मामांनी ब्रेक दाबला. "नव्या चकत्या बसल्या की नट ढिलं पडत्यात. आवळल्याबिगर गाडी हालणार न्हाई." "आवं मामा, मुहूर्त टळंल!" "आन् चाक निखळलं तर नवरीला काय सांगू रं? धर पाना!" तीन नट खरंच ढिले निघाले. मुंडावळ्या कानामागं सारून मी पान्यावर असा नाचलो, की रस्ता वीतभर खचला. मांडवात पोचलो तेव्हा अक्षता वाटून झाल्या होत्या. हात धुवायलाही सवड नव्हती. ग्रीसनं काळाकुट्ट झालेला तो हात नवरीनं एकदा नीट बघितला आणि धरला. अजून सोडलेला नाही. मी दोन-चारदा ओढून बघितलाय.